अठरा कामांचं खेळणं

"ह्यात रंधा हाय का?" नानांनी विचारलं.

"नाही."

"पटाशी?"

"पटाशी नाही, पण करवत आहे." मी नखानं करवत बाहेर ओढली. ती माझ्या करंगळीएवढी होती.

नानांनी हात न लावता ती बघितली. "ह्यानं कापायचं काय? भेंडी?"

खंडेनवमीची सकाळ होती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लवकर उठून घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर घरातली सगळी हत्यारं ओळीनं मांडली होती. रंधे, पटाश्या, वाकस, करवती, हातोड्या. प्रत्येक हत्यार तेल लावून पुसलेलं, त्यावर हळदकुंकवाची बोटं आणि एकेक झेंडूचं फूल. माझी झेरॉक्स मशीन दुरुस्तीची पिशवीही आईनं त्यात नेऊन ठेवली होती आणि मोटरसायकलीला हार घातला होता. ओळीच्या शेवटी थोडी जागा उरली होती, तिथं मी माझं नवंकोरं मल्टीटूल हळूच ठेवलं होतं. लाल मुठीचं, अठरा कामांचं. नानांनी ते दोन बोटांत उचललं, माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिशावर एक चापटी मारली.

"हत्यारांच्या पंगतीत खेळणी बसवायची न्हाईत," ते म्हणाले आणि उदबत्ती पेटवायला वळले.

आम्ही कराडचे सुतार. आमच्या आळीत एक घर सुताराचं तर एक लोहाराचं. नवमीला हत्यारं पूजली की दुसऱ्या दिवशी सकाळी आरती होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी आळीत खिळा ठोकल्याचा आवाज येत नाही. या घराण्यात जन्मून मी सोळाव्या वर्षी रंधा खाली ठेवला आणि आयटीआयला नाव घातलं. नाना महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, पण कामाचं सोडून. पाऊसपाणी, नातेवाईक, भाजीचे भाव, सगळं बोलायचे. लाकूड, लोखंड, जोड, सांधा यातला एकही शब्द माझ्यासमोर काढायचे नाहीत.

मल्टीटूलची गरज मात्र खरी होती. मी गावोगाव झेरॉक्स मशीन दुरुस्त करत फिरायचो. पिशवी मोटरसायकलला लटकलेली आणि मशीन तिसऱ्या मजल्यावर, हे रोजचं. ज्या दिवशी पिशवी वर नेली नाही, नेमकं त्या दिवशी आत कागद अडकलेला असायचा. म्हणून खिशात कायम राहील असं काहीतरी घ्यायचं मी ठरवलं आणि चिवटेशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात जायला लागलो.

पहिल्या रविवारी त्यांनी दोन नग काढून काचेवर ठेवले. एक काळं, मधोमध उघडलं की पक्कड व्हायची. दुसरं लाल, चपटं, चाकूसारखं. मी दोन्हींचं एकेक पातं उघडून मिटून बघितलं, वहीत टिपून घेतलं आणि विचार करतो म्हणून निघालो. दुसऱ्या रविवारी मी काळं खिशात घालून दुकानातल्या स्टुलावर बसून बघितलं. मांडीला टोचत होतं. लाल टोचत नव्हतं, पण त्याला पक्कड नव्हती. मात्र त्याला चिमटा होता, आणि रोलरमध्ये अडकलेला कागदाचा कपटा काढायला चिमट्यासारखं दुसरं काही नाही. उलट काळ्याचा स्क्रूड्रायव्हर जाड आणि भक्कम होता. मी पुन्हा विचार करतो म्हणालो.

तिसऱ्या रविवारी मला बघताच चिवटेशेठनी कपाळाला हात लावला.

"दिगूशेठ, लोक लग्नाची मुलगी तरी इतक्या वेळा बघतात का हो?"

त्यांना ठाऊक नव्हतं, पण दहाच दिवसांपूर्वी मी तासगावला जाऊन मुलगी बघून आलो होतो. वीस मिनिटं. पोहे संपायच्या आत माझं ठरलं होतं. वैजयंता महामुनी. तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, "मशीन दुरुस्त झालं नाही तर गिऱ्हाईकाला काय सांगता?" मी म्हणालो, झालं नाही असं सांगतो. ती हसली आणि मी तिथंच गारद झालो. घरी येताना एसटीत मला तिच्या नावाखेरीज काही सुचत नव्हतं. तेव्हा चिवटेशेठसमोर लाज वाटून मी झटकन लाल उचललं, चिमट्यावर भाळून, आणि घरी आलो.

आता राहिलं होतं ते मुलीच्या वडिलांनी आमचं घर बघणं. महादेव महामुनी हे स्वतः नावाजलेले सुतार. दोन सुतार एकाच दिवशी मोकळे सापडायचे तर तो दिवस खंडेनवमीच. म्हणून त्यांनी नवमी धरली होती.

अकराच्या सुमाराला ते एकटेच आले. उंच, वाळके, पांढरी टोपी. त्यांनी घर बघितलं ते असं की फ्रिज, टीव्ही, सोफा यांच्याकडे नजरही टाकली नाही. चौकटीवरून बोट फिरवलं, खिडकी उघडून मिटली, जिन्याच्या पायरीवर टाचेनं दोनदा ठोकून ऐकलं. नाना त्यांच्या मागून परीक्षेला बसलेल्या मुलासारखे चालत होते. नानांना असं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मला हसू येत होतं.

"सागवान?" महामुनींनी न्हाणीघराच्या दारावर हात ठेवून विचारलं.

"जुनं. कौलारू शाळा पाडली तवा घेतलं."

"सांध्यात नख शिरत न्हाई, मिस्त्री."

नाना लाजले. देवाशपथ, लाजले.

"येष्टीत धूळ लई. जरा हातपाय धुतो, सदरा बदलतो," म्हणत महामुनी आत गेले आणि आतून बोल्ट लावला. लावताना तो थोडा कुरकुरला, सकाळी आमच्या अंघोळीच्या वेळीही कुरकुरला होता. आई पुरणपोळीचा तवा ठेवायला गेली. पाण्याचे आवाज झाले, मग थांबले. मग बोल्ट खडखडला. पुन्हा खडखडला. मग बराच वेळ काहीच नाही.

"मिस्त्री," आतून शांत आवाज आला. "बोल्ट निघंना झालाय."

नाना दारापाशी धावले. ढकलून बघितलं, ओढून बघितलं. दार तसूभर हललं नाही, कारण ते नानांनी केलं होतं. आतल्या बाजूला चौकटीवर जे कडं असतं, त्यात बोल्टची दांडी घट्ट रुतून बसली होती. स्क्रू आत, बिजागऱ्या आत आणि पाहुणेही आत.

"दिगू, पटाशी आण," नाना म्हणाले आणि म्हणता म्हणता थबकले. आम्ही दोघांनी घोंगडीकडे बघितलं. उदबत्ती अजून जळत होती.

"मिस्त्री!" आतून गर्जना झाली. "पूजा मोडायची न्हाई! माझ्यासाठी तर मुळीच न्हाई. मी बसतो हितं. बादली पालथी घातलीय, मजेत हाय."

"पण पाव्हणं, उद्या सकाळपतूर?"

"उद्या आरती झाली की काढा. एक रात काय, माणसं तुरुंगात ऱ्हात्यात."

आई पदरानं हात पुसत बाहेर आली. "अहो, शेजारून काहीतरी मागून आणा ना!"

"कुणाकडनं?" नाना चिडून म्हणाले. "आळीत सगळ्यांचीच हत्यारं देवाजवळ हाईत."

आई माझ्याकडे बघायला लागली. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, कारण मीही मनात तेच म्हणत होतो. होणारे सासरे आमच्या न्हाणीघरात कोंडले गेले होते आणि त्यांनी रात्र तिथं काढली तर वैजयंता या घरात येणं संपलं होतं. मी खिशातून लाल मल्टीटूल काढलं.

"हे देवाजवळ नाही," मी म्हणालो.

नानांनी ते बघितलं, मग दाराच्या वरच्या झरोक्याकडे बघितलं. आईनं सुतळी आणली. मी स्टुलावर चढलो, मल्टीटूलला सुतळी बांधली आणि झरोक्यातून खाली सोडायला लागलो.

"काय हाय ते?" आतून विचारणा झाली.

"ह्याच्यात स्क्रूड्रायव्हर आहे, काका. कड्याचे स्क्रू सैल केले की दांडी सुटेल."

"थांब." सुतळी तशीच लोंबकळत राहिली. "मिस्त्री, हे हत्यार हाय का? हत्यार असंल तर मी आज धरणार न्हाई. तुमच्या घरातलं, तुम्ही सांगा. तुमचा शब्द."

नाना माझ्याकडे बघायला लागले. सकाळी ज्या शब्दानं मला लागलं होतं, तोच शब्द त्यांनी पुन्हा एकदा म्हणावा म्हणून मी स्टुलावर उभा राहून मनातल्या मनात हात जोडत होतो.

"न्हाई," नाना म्हणाले. "खेळणं हाय."

"नक्की?"

"नक्की. अठरा कामं करतं म्हणतो. एक धड येत नसंल."

"मग सोड खाली."

सुतळी ढिली झाली. आत खुडबुड सुरू झाली.

"उघडू कसं?"

"पात्याला बारीक खाच आहे, तिथं नख घालून ओढा."

"सुताराला नखं कुठली, बाबा?" पण खटकन आवाज झाला. "निघालं. चाकू."

"तो नाही, काका. पुढचं बघा."

"कात्री."

"ती पण नाही."

"हे काय, दात कोरायचं?"

"हो."

"बरं हाय." थोडा वेळ ते दात कोरत बसले असावेत. मग पुन्हा खटका वाजला. "आणि हे काय निघालं? डुकराच्या शेपटागत?"

माझ्या हातातली सुतळी गळून पडली. तीन रविवार मी एकेक पातं वहीत टिपलं होतं आणि हे एवढं एक आपल्याला कधीच लागणार नाही म्हणून गाळलं होतं.

"ते... बुचाचं आहे," मी म्हणालो.

"कसल्या बुचाचं?"

"बाटलीच्या."

"कसल्या बाटलीच्या?"

आईनं तोंडावर पदर धरला. नाना हळू आवाजात म्हणाले, "दिगू, घेतोस?"

"नाही हो नाना! ते सगळ्यांनाच असतं! तिकडच्या देशात लोकांना लागतं."

"मग तिकडच्या लोकांनी घ्यावं," आतून उत्तर आलं.

"आमच्यात कुणी थेंबाला शिवत नाही हो, महामुनी!" आई दाराला तोंड लावून ओरडली. शेजारच्या लोहारांच्या घरातून दोन डोकी बाहेर आली आणि परत आत गेली. पुढचे कितीतरी दिवस आळीत मी बाटलीवाला म्हणून ओळखला जात होतो.

"ऱ्हाऊ द्या. काम करू," महामुनी म्हणाले. "हं, हे बारकं पातं स्क्रूचं दिसतंय." धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. पातं सटकलं. पुन्हा लावलं, पुन्हा सटकलं. मग आवाज थांबला.

"मिस्त्री."

"जी."

"ह्या कड्याचा खालचा स्क्रू तिरका गेलाय. कडंच वाकडं झालंय त्यानं. स्क्रूचं डोकं पार सोललंय. कुणी बसवलाय?"

नानांनी दारावर हात ठेवला. ते दार त्यांनी अकरा वर्षांपूर्वी केलं होतं. प्रत्येक स्क्रू सहज शिरावा म्हणून साबणावर फिरवून, हातानं बसवलेला. आळीत कुणाचं दार बिघडलं की लोक आमच्या न्हाणीघराचं दार बघायला यायचे. नाना दाराकडे बघत होते, पण दाराची कड नीट दिसत नसल्यासारखे त्यांनी डोळे बारीक केले होते.

"मीच," ते म्हणाले. "माझंच काम हाय. नजर कमी झालीय अलीकडं. सांगितलं न्हाई कुणाला. मधी कधी आवळताना वाकडा गेला असंल माझ्याकडनं."

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर स्वतःलाही धड सांगितली नव्हती. आदल्या दिवशी संध्याकाळी नवं मल्टीटूल घेऊन मी घरभर फिरलो होतो. उद्या हत्यारं बंद, तेव्हा आजच चालवून बघू म्हणून दिसेल तो स्क्रू आवळला होता. कपाटाचे, स्विचबोर्डांचे, देव्हाऱ्याच्या दाराचे. न्हाणीघराच्या कड्याचा खालचा स्क्रू जरा जड गेला. पातं दोनदा सटकलं. मी आणखी जोर लावला, आणि तो बसला म्हणून स्वतःवर खूश होऊन जेवायला गेलो.

गप्प बसणं सोपं होतं. म्हाताऱ्या सुताराची नजर कमी झाली म्हणून कुणी सोयरीक मोडत नाही. बाटलीचं बूच आधीच निघालेलं, त्यात मुलगा चांगली दारंही बिघडवतो हे कळलं तर मात्र कोणता बाप मुलगी देईल? वैजयंता हवी होती मला. पण नाना तिथं उभे राहून दाराला हात लावून माझी चूक अंगावर घेत होते, आणि ती आपलीच आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं. ते मला बघवेना.

"तो स्क्रू नानांचा नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "मी आवळलाय. काल. तुमच्या हातात आहे ना, त्यानंच."

आई मटकन खाली बसली. मग आतून खूप हळू, खूप सावकाश धातूचा आवाज सुरू झाला. ह्या वेळी पातं सटकत नव्हतं.

"मी आत आल्यापासनं त्या स्क्रूकडं बघत बसलोय," महामुनी काम करता करता बोलायला लागले. "सांध्यात नख शिरत न्हाई आणि स्क्रू हा असा. हे एका हाताचं काम नव्हं, हे कळत हुतं. पण पहिल्यांदा आलेल्या घरात मिस्त्रीच्या कामाला नाव कसं ठिवायचं? म्हणून म्हणलं, रातभर बसू, पण बोलायचं न्हाई. मग पातं सटकाय लागलं आणि इचारल्याबिगर ऱ्हावलं न्हाई."

कडं खळकन खाली पडलं. दार उघडलं. महामुनी धुतलेल्या तोंडानं, स्वच्छ सदऱ्यात बाहेर आले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "पुरणाचा वास सुटलाय."

ते जेवले. चार पोळ्या खाल्ल्या. सागवानाबद्दल बोलले, तासगावच्या द्राक्षांबद्दल बोलले, पण वैजयंताबद्दल एक शब्द नाही. निघताना त्यांनी माझ्यापुढं हात पसरला.

"ते खेळणं मला दे. आठ दिवसांनी पाठवतो."

मी दिलं. एसटी गेल्यावर आई म्हणाली, "संपलं. आता ते तासगावभर दाखवत फिरतील, बघा मुलाकडं काय काय असतं."

मलाही तसंच वाटलं. ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दसऱ्याची आरती झाली, हत्यारं उठली, नाना कामाला लागले. पण न्हाणीघराचं कडं त्यांनी बसवलं नाही. त्यांना सांगायची माझी छाती नव्हती आणि स्वतः बसवायची तर त्याहून नव्हती. आत गेलेला माणूस "मी आहे, मी आहे" असं ओरडत अंघोळ करायचा.

नवव्या दिवशी तासगावहून येणाऱ्या एका ओळखीच्या कंडक्टरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी आणून दिली. आत मल्टीटूल होतं. चिठ्ठी नव्हती. मी कागद उलटसुलट केला, झटकला. काही नाही.

"बघू," नाना म्हणाले.

त्यांनी एकेक पातं उघडलं. डुकराचं शेपूट नव्हतं. ते मुळापासून कापलं होतं, आणि कापलेली जागा कानसीनं इतकी सारखी केली होती की तिथं कधी काही होतं असं बोटाला कळलं नसतं. स्क्रूचं पातं, जे दारात सटकत होतं, त्याचं टोक नव्यानं घासून चौकोनी केलेलं होतं. नानांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला. नजरेपेक्षा त्यांचा अंगठ्यावर जास्त भरवसा होता, हे आता मला माहीत होतं.

"अगं ए," त्यांनी आईला हाक मारली. "होकार हाय."

"कुठं लिहिलंय?"

"लिहायचं कशाला? परक्या पोरासाठी एवढं कोण घासत बसतंय?"

आईचा विश्वास बसेना. ती अजून कागदात चिठ्ठी शोधत होती. नाना उठले, फळीवरून कडं आणि चार नवे स्क्रू घेतले, आणि न्हाणीघराकडे निघाले. दारापाशी जाऊन वळले.

"ये हिकडं."

मी गेलो. त्यांनी मल्टीटूल माझ्या हातात दिलं, स्क्रू साबणावर फिरवून भोकात टेकवला, आणि माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा खरखरीत आणि कोरडा होता. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो.

"जोर देऊ नगं," ते म्हणाले. "नुसतं सरळ धर. त्याला कुठं जायचंय ते त्याला कळतंय."

पातं खाचेत बसलं. स्क्रू फिरायला लागला. तो शेवटपर्यंत गेला तरी नानांनी मनगट सोडलं नाही, आणि दुसरा स्क्रू तसाच घेतला.